चुंबकराव गाडी बघतात

चुंबकरावांकडे गाडीचं सगळं काही होतं. फक्त गाडी नव्हती.

कपाटाच्या खालच्या खणात गाडीवर घालायचं करडं कव्हर होतं, दुकानातून आणलं तेव्हाच्या घडीत. काच पुसायचं पिवळं फडकं होतं. चाकातली हवा मोजायचं मीटर होतं. ते पडून बिघडू नये म्हणून मधूनमधून शेजाऱ्यांच्या सायकलींना लावून बघितलं जाई. चामडी किल्लीसाखळी होती आणि तिला नाइलाजाने त्याच कपाटाची किल्ली अडकवलेली होती. पुढच्या सीटवर पाठीशी घ्यायची एक छोटी उशी होती. तिचा अभ्रा विरून गेला म्हणून वहिनींनी दुसरा शिवला, आणि आता तोही विरायला लागला होता. गाडी चालवायचा परवाना तर होताच. तो नवा करून घ्यायला चुंबकराव गेले तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने सहज विचारलं, "सध्या कुठली गाडी चालवता?"

"बघतोय," चुंबकराव म्हणाले.

कारकुनाने मागच्या वेळचा परवाना बघितला, त्यांच्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, पण चुंबकरावांच्या घरात तुरींना फोडणीसुद्धा देऊन झाली होती आणि तरी बाजार काही उघडत नव्हता.

आता, चुंबकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात ते नकाशे काढायचे. शहराच्या पोटात कुठला नळ कुठे वळतो हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. ऑफिसात त्यांना आडनावाने हाक मारत. बाकी सगळ्या जगात ते चुंबकराव, कारण त्यांच्या खिशात रुमालात गुंडाळलेला एक लोहचुंबक कायम असे. जुनी गाडी बघायला गेले की हा चुंबक ते दारांवरून, मडगार्डांवरून हळूहळू फिरवत. पत्रा अस्सल असला की चुंबक धरतो. कुठे ठोकर बसलेली असली, खड्डा पुट्टीने भरून वर रंग मारलेला असला, की तिथे तो घसरतो आणि टपकन हातात येतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा कोणाचा, हे त्या टपकन आवाजाने कळायचं. रुमाल मध्ये कशासाठी, तर रंगावर ओरखडा येऊ नये म्हणून. "दुसऱ्याच्या गाडीला ओरखडा म्हणजे दुसऱ्याच्या लेकराला चिमटा," असं ते म्हणत, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज खरोखर हळवा होई.

दर रविवारी सकाळी इमारतीच्या कुंपणाशी असलेल्या बाकावर गाडीवाल्यांची बैठक भरायची. बैठकीचे अध्यक्ष म्हणजे तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांची एक लांबलचक जुनी गाडी होती आणि ती बहुतेक वेळ गॅरेजमध्ये भरती असे. घरी आली की डॉक्टर तिचं बॉनेट उघडून "आ करा" म्हणत आणि आत टॉर्च मारत. या बैठकीत एकमेकांच्या बायकापोरांची चौकशी मागाहून व्हायची, आधी "क्लच कसा आहे आता?" हे विचारलं जाई. धुराचा रंग निळा की पांढरा यावर दोन तास बोलणं चाले. निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे पाणी, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. आणि या सगळ्यात शेवटचा शब्द असे तो बिनगाडीच्या चुंबकरावांचा. कोणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की ते चुंबकरावांना घेऊन जात. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर किती झिजलंय ते बघून गाडी मीटरच्या आकड्यापेक्षा किती जास्त पळालीय हे चुंबकराव सांगत. खालची सतरंजी उचलून वास घेत आणि म्हणत, "हिच्यात एकदा पाणी शिरलंय." विकणारा गारठून जाई. गाडी बघायला गेल्यावर बॉनेटला हात लावून ते गरम लागलं, तर चुंबकराव पुढे काही बघतच नसत. "आधीच चालू करून ठेवलीय. सकाळी सुरू व्हायला रडते म्हणजे," एवढं बोलून ते चपला घालत. जुन्या गाड्यांच्या दलालांनी त्यांचा एवढा धसका घेतला होता की ते रस्त्याच्या टोकाला दिसले तर एकजण दुकानाचं शटर अर्धं ओढून घ्यायचा.

इमारतीतल्या निम्म्या गाड्या त्यांनी पारखून दिलेल्या. त्यांनी स्वतःसाठी पारखलेल्या गाड्या मात्र एकेक करून नापास झाल्या. एकीच्या दारांच्या फटी सारख्या नव्हत्या. एकीची चाकं आतून झिजली होती. एक तर सगळ्या बाजूंनी उत्तम होती, पण हॉर्नचा आवाज चुंबकरावांना लबाड वाटला. "अहो, हॉर्न बदलता येतो," वहिनी म्हणाल्या. "आवाज बदलेल, स्वभाव नाही," असं उत्तर आलं आणि ती गाडी दुसऱ्याने नेली. आजही ती त्यांच्याच रस्त्यावरून जाते, धडधाकट. ती गेली की चुंबकराव खिडकीतून वळून बघतात आणि वहिनी वळून बघत नाहीत.

वहिनी म्हणजे चुंबकरावांच्या पत्नी. सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणे. वहिनींची इच्छा फार मोठी नव्हती. लग्न झालं त्या वर्षी कुठल्याशा समारंभाहून परतताना त्यांना कोणाच्या तरी गाडीत पुढच्या सीटवर जागा मिळाली होती. काच खाली, खिडकीवर कोपर टेकवलेलं, केस उडतायत आणि शेजारी नवरा नाही, एक परका माणूस गाडी चालवतोय, ही तेवढी एक गोष्ट सोडली तर सगळं मनासारखं होतं. ती गोष्ट तेवढी बदलली की झालं, असं त्यांनी तेव्हा मनाशी धरलं आणि मग धरूनच ठेवलं. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली की त्या अजून कोपर टेकवत. पण बसची खिडकी उंच असते, कोपराला रग लागते.

आणि एक जागा होती. इमारतीखाली, खांबांच्या मधली, कोपऱ्यातली, घराबरोबरच मिळालेली. चुंबकरावांनी तिच्या चारही रेघा पट्टी लावून पांढऱ्या रंगात स्वतः आखल्या होत्या आणि रंग उडाला की ते पुन्हा आखत. रोज सकाळी ते ती झाडत. कोणी तिथे सायकल लावली की अगदी मऊ आवाजात म्हणत, "गाडी यायचीय." मुलगी लहान होती तेव्हा तिने एकदा खडूने त्या रेघांच्या आत गाडी काढली. आई पुढे, बाबा चालवायला, स्वतः मागे, असे तिघं त्या खडूच्या गाडीत फरशीवर बसले होते. चुंबकरावांनी आधी दोन चाकांमधलं अंतर जास्त आहे म्हणून पुसून नीट काढायला लावलं आणि मगच बसले. मग मुलीने तोंडाने आवाज काढला आणि गाडी निघाली. बरंच लांब जाऊन आल्यावर तिने विचारलं होतं, "बाबा, खरी कधी?"

"चांगली मिळाली की," बाबा म्हणाले होते.

ती मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. फोनवर ती आईशी तासभर बोले आणि शेवटी बाबांना विचारी, "काय बाबा, मिळाली का?" तिला चेष्टा करायची असे. चुंबकरावांना ती चेष्टा कळे, आणि फोन ठेवल्यावर ते बराच वेळ हवेचं मीटर पुसत बसत.

असं सगळं शांतपणे चाललेलं असताना इमारतीच्या सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली. ज्या सभासदांच्या जागा वाहनाविना पडून आहेत त्यांनी महिनाअखेरपर्यंत तिथे स्वतःच्या नावावरचं वाहन उभं करावं, नाहीतर ती जागा गरजू सभासदाला देण्यात येईल. पडून असलेली जागा इमारतीत एकच होती. आणि ज्याच्याकडे दोन गाड्या होत्या असा गरजू सभासदही एकच होता, तो म्हणजे सेक्रेटरी.

चुंबकराव इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्याकडे गेले. "जागा पडून नाही. मी ती रोज झाडतो."

"झाडणं म्हणजे वापर नव्हे."

"माझ्याकडे कव्हर आहे."

"कव्हर म्हणजे वाहन नव्हे. जे स्वतःच्या बळावर आत येतं आणि बाहेर जातं ते वाहन. नियमात आहे."

"मग डॉक्टरांची गाडी?" चुंबकरावांच्या तोंडून निघून गेलं. ती गाडी आत येताना आणि बाहेर जाताना चार माणसांच्या बळावर जायची. हे डॉक्टरांच्या कानावर गेलं आणि दोन रविवार बाकावर दोघं दोन टोकांना बसले.

बातमी जिन्यातून वर चढली आणि सल्ले जिन्यावरून खाली आले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं, भंगारातून नुसता सांगाडा आणा आणि ठेवा, कोण बघतंय? वरच्या काकू म्हणाल्या, जेवणाच्या टेबलावर कव्हर टाका, लांबून हुबेहूब दिसेल. मात्र मग जेवायचं कशावर याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. वहिनींच्या भावाने फोनवरून विचारलं, "दाजी, सरळ नवी का घेत नाही?" हा प्रश्न चुंबकरावांच्या फार जिव्हारी लागला. "नव्या गाडीत बघायचं काय?" ते रात्री जेवताना म्हणाले. "नवी कोणीही घेईल. त्यात माणसाची अक्कल कुठे दिसते?"

"इतकी वर्षं जुनी न घेतल्यामुळे दिसतेय ना," वहिनी म्हणाल्या आणि भात वाढला.

जागा गेली तर गाडी कधीच येणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. दुसरी जागा कुठून आणणार? म्हणजे आता महिना संपेपर्यंत गाडी, नाहीतर आयुष्यभर बसची उंच खिडकी.

पहिली गाडी बघितली ती एका कापड दुकानदाराची. चुंबकराव तिच्याभोवती फिरले, आत वाकले, खाली झोपले. दोषांची मोजदाद सुरू झाली तेव्हा दुकानदार हसत होता. ती संपली तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने सगळं दुरुस्त करून घेतलं आणि गाडी घेऊन दारात हजर झाला, शाळेतल्या पोराने पाटी दाखवावी तसा. चुंबकरावांनी तीन नवे दोष काढले. "साहेब," दुकानदार हात जोडून म्हणाला, "माझं ऑपरेशन झालं तेव्हा सुद्धा मला एवढं कोणी उघडून बघितलं नव्हतं." गाडी गेली.

तेव्हा वहिनींनी सक्त ताकीद दिली. "आता नावं ठेवायची नाहीत. गोड बोलायचं. निदान एकदा."

दुसरी गाडी विमा एजंटाची होती, आणि चुंबकरावांनी शब्द पाळला. त्यांनी इंजिनाला कान लावला आणि म्हणाले, "काय सुरात आहे!" स्टिअरिंग फिरवून म्हणाले, "लोणी." एजंट बघत राहिला. मग चुंबकरावांना राहवलं नाही. मनात इतकी वर्षं साठून राहिलेलं सगळं कौतुक त्या गाडीवर उतू गेलं. चढावर ही कशी ओढत असेल, पहाटे एका हाकेला कशी उठत असेल, मागच्या सीटवर पोरं झोपली तर त्यांना धक्काही कसा लागत नसेल, हे ते सांगत सुटले. एजंटाचे डोळे भरून आले. त्याने आपल्याच गाडीकडे असं बघितलं की जणू ती कालच घरात आली होती. "माझ्या लक्षातच आलं नव्हतं हो," तो म्हणाला. "हिला कशी विकू?" त्याने चुंबकरावांना मिठी मारली आणि किल्ली खिशात टाकली. पुढे कित्येक दिवस तो आभाराचे फोन करत होता. दोष काढले तरी गाडी जाते आणि कौतुक केलं तरी जाते, हे कळल्यावर चुंबकरावांनी त्या रविवारी बाकावर तोंडच उघडलं नाही.

त्यांचा तो पडलेला चेहरा बघून डॉक्टर बाकावर मधोमध सरकले. अबोला सुटला. "माझ्याकडे एक दाढ आली होती," ते म्हणाले. डॉक्टर माणसांना दाढांवरूनच ओळखत. "रिटायर्ड गणिताच्या बाई. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केलीय. तोंड उघडं असताना मी गाडीची चौकशी केली, तोंड मिटल्यावर उत्तर मिळालं. विकायचीय. पण त्या माणूस बघून देणार."

माणूस बघून म्हणजे काय, हे तिथे गेल्यावर कळलं.

बाईंचं घर लहान होतं, बैठं, पुढे पत्र्याची शेड. शेडमध्ये गाडी उभी होती. आकाशी रंगाची, छोटी, गोल डोळ्यांची. चुंबकराव फाटकातच थांबले. बॉनेटला हात लावायलाही त्यांना जरा भीती वाटली, गरम निघालं तर! लावला. गार होतं. बाईंनी खिडकीतून हे बघितलं.

"आधी तुमची परीक्षा," बाई बाहेर येत म्हणाल्या. जाड भिंगांचा चष्मा, हातात वर्गात असायची तशी पट्टी नव्हती एवढंच. "ब्रेक केव्हा दाबायचा?"

"समोर काही आलं की," चुंबकराव चाचरत म्हणाले.

"चूक. यायच्या आधी. डॉक्टर, तुम्ही मध्ये सांगू नका." डॉक्टरांनी ओठ मिटले. "गाडी घेऊन जाणार कुठे?"

"तसं... ऑफिसला..."

"ऑफिसला बस जाते." बाईंनी त्यांना नापास करून मोहरा वळवला. "तू सांग गं. कुठे जाणार?"

वहिनींनी गाडीकडे बघितलं. "कुठेच नाही, बाई," त्या म्हणाल्या. "नुसतं जायचंय. खिडकीवर हात टेकवून."

बाईंनी गाडीच्या टपावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मी पण तेवढ्यासाठीच घेतली होती. जा, बसून बघ."

वहिनी पुढच्या सीटवर बसल्या. त्यांनी पिशवीतून ती छोटी उशी काढली. त्यांनी ती बरोबर आणलीय हे चुंबकरावांना ठाऊक नव्हतं. उशी पाठीशी घेतली, काच खाली केली आणि कोपर खिडकीवर टेकवलं. खिडकी अगदी बेताच्या उंचीची होती. शेडमध्ये वारा नव्हता तरी त्यांनी कानावरचे केस मागे सारले आणि समोर बघत राहिल्या. गाडी उभीच होती, पण वहिनी निघाल्या होत्या. त्यांचा तो चेहरा चुंबकरावांनी लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत बघितला होता. मधे तो कुठे ठेवून दिला गेला होता हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. मग सवयीने हात खिशात गेला आणि रुमाल बाहेर आला.

धूर तपासला, बिनरंगाचा. सतरंजीचा वास घेतला, कोरडा. पायपट्टीचं रबर मीटरशी जुळत होतं. फटी सारख्या होत्या. आता पत्रा. बॉनेटवर चुंबक धरला. उजव्या दारावर धरला. मागे धरला. डॉक्टर मागोमाग फिरत होते आणि प्रत्येक ठिकाणी "धरला?" विचारत होते, आणि चुंबकराव "धरला" म्हणत होते. असे ते वळसा घालून वहिनींच्या दाराशी आले. वहिनी आपल्याच नादात होत्या. बाईंनी मात्र का कोण जाणे चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला.

चुंबकरावांनी खिडकीच्या बरोबर खाली, वहिनींच्या कोपराखाली, रुमालासकट चुंबक टेकवला आणि हात सैल केला. चुंबक घसरला.

टपकन आवाज व्हायच्या आत त्यांनी अंगठा त्यावर दाबला. आत पुट्टी होती, चांगली हातभर. फाटकाला घासलं असणार, डोळे अधू होऊ लागले तेव्हा. आणि कोणाला कळू नये म्हणून बाईंनी ते गुपचूप भरून घेतलं असणार. चुंबकरावांना सगळं चित्र दिसलं. अशा क्षणी ते आपलं ठरलेलं वाक्य कसं म्हणत हे सगळ्या गावाला पाठ होतं: जरा थांबायचं, घसा साफ करायचा आणि म्हणायचं, "इथे काहीतरी झालंय." गाड्या पारखायला लागल्यापासून त्यांनी ते कधी गिळलं नव्हतं. त्यांच्याकडे गाडी नव्हती, बढती नव्हती, पण एवढी एक अब्रू होती, की चुंबकरावांचा शब्द म्हणजे शब्द.

"धरला?" डॉक्टरांनी विचारलं.

चुंबकरावांनी वर बघितलं. बायकोचं कोपर तिथेच होतं.

"धरला," ते म्हणाले.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. व्यवहार दहा मिनिटांत झाला. किल्ली देताना बाई एवढंच म्हणाल्या, "त्या बाजूचं दार जरा हळू लावा." चुंबकरावांनी मान डोलावली.

इतकं सरळ झालं म्हणजे पुढे काहीतरी होणारच. गाडी नावावर करायला चुंबकराव वाहन कार्यालयात गेले. तिथे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा ठसा लागतो. कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, शाळेत नाण्याचा काढतो तसा. पण पेन्सिल आणि कागद चुंबकरावांच्या हातात, आणि गाडी आयुष्यातली पहिली! त्यांनी बाईंच्या शेडमध्ये बसून ठसा असा काढला की आकड्यांच्या कडा कोरल्यासारख्या, छटा एकसारखी, भोवती बारीक चौकट, कोपऱ्यात दिशा दाखवणारा बाण. कारकुनाने तो उजेडात धरला आणि परत सरकवला. "हे तुम्ही काढलेलं आहे. आम्हाला ठसा पाहिजे."

"ठसाच आहे तो."

"ठसा एवढा चांगला नसतो."

पुढचा माणूस आपला डागळलेला, तिरपा, अर्धे आकडे पुसलेला कागद देऊन शिक्का घेऊन गेला. चुंबकराव चरफडत गाडीखाली शिरले. वाईट काढायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तो चांगलाच आला. शेवटी वहिनींनी पेन्सिल काढून घेतली आणि खसाखसा घासली. तो ठसा एका फटक्यात मंजूर झाला.

महिनाअखेरच्या संध्याकाळी सेक्रेटरी कोपऱ्यातल्या जागेत टेप घेऊन आपली दुसरी गाडी तिथे कशी बसेल हे मोजत होते. फाटकातून आकाशी गाडी आत आली. स्वतःच्या बळावर. डॉक्टर बाकावरून उठून उभे राहिले, जिन्यात काकाकाकू जमले, आणि चुंबकरावांनी चारही पांढऱ्या रेघांच्या बरोबर मधोमध गाडी थांबवली. सेक्रेटरींनी टेप गुंडाळला. "मोठी जागा आहे हो छोट्या गाडीला," ते म्हणाले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. मग कव्हर आलं. इतकी वर्षं घडीत राहिलेलं ते कव्हर मोठ्या गाडीचं होतं. वडिलांचा कोट घातलेल्या पोरासारखी ती गाडी त्यात उभी राहिली आणि उरलेलं कापड फरशीवर लोळलं. कोणी हसलं नाही. निदान चुंबकराव वर जाईपर्यंत.

रविवारी सकाळी बाकावरच्या मंडळींना हात करून दोघं निघाले. कुठे जायचं हे ठरवलं नव्हतं. शहर मागे पडलं, झाडं लागली. वहिनींनी काच खाली केली, कोपर टेकवलं, केस उडू लागले. चुंबकराव समोर बघून चालवत होते आणि ब्रेक, समोर काही यायच्या आधी, दाबत होते. त्या एका जुन्या प्रवासात जी गोष्ट बदलायची राहिली होती ती आता बदलली होती, आणि एवढ्यासाठी एवढी वर्षं लागावीत याचं वहिनींना हसूही येत होतं आणि रडूही.

"मागची सीट अगदी नवी राहिलीय," चुंबकराव आरशात बघत म्हणाले. पारख करायची सवय जाता जात नाही.

"राहणारच. बाईंकडे तरी कोण होतं मागे बसायला?"

हे बाईंबद्दल नव्हतं, हे दोघांनाही कळलं. खडूच्या गाडीत मागे बसलेली एक मुलगी तोंडाने आवाज काढत होती, आणि इंजिनाच्या आवाजात तो आवाज काही केल्या मिसळत नव्हता. चुंबकरावांनी गिअर बदलला.

"पोरीला सांगू या," ते म्हणाले. "सुट्टीत ये, मागे बस, म्हणावं."

"अहो, तिला आता पोर होईल."

"मग दोघं बसतील."

वहिनी हसल्या. पुढचं वळण गेल्यावर त्या सहज आवाजात म्हणाल्या, "या दारात पुट्टी आहे ना?"

गाडी किंचित डावीकडे गेली आणि परत आली. "कोण म्हणालं?"

"बाहेरच्या आरशात दिसत होतं मला सगळं. दाबून दाबून अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं तुमचं."

चुंबकरावांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. इतक्या वर्षांचा शब्द, आणि तो नेमका तिच्यासमोर फुटला! "चांगलीच आहे पुट्टी," ते शेवटी पुटपुटले. "हातभर."

"असू दे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही चालवा."

आणि चुंबक जिथे धरला नव्हता, नेमकं तिथेच त्यांनी कोपर आणखी थोडं पुढे सरकवून घट्ट टेकवलं.